पिणार फक्त गाडी!

लॉस एंजेलिसला गेलात की हॉलिवूड, डिस्नेलँड होतंच. पण एक शनिवार राखून ठेवा आणि पोमोनाला जा. तिथे साडेपाच सेकंदांत संपणारी रेस बघायला मिळते. आणि त्या साडेपाच सेकंदांसाठी एका इंजिनाची किती सेवा करावी लागते, तेही!

ऑनसाइटला आलेल्या माणसाचे वीकएण्ड ठरलेले असतात. पहिला हॉलिवूडच्या पाटीला, दुसरा डिस्नेलँडला, तिसरा सॅन दिएगोला, चौथा आउटलेट मॉलला. पाचव्या वीकएण्डला लॉन्ड्री आणि आईला लांबलचक फोन. नोव्हेंबर २०२४मध्ये माझी ही यादी संपली होती. तेवढ्यात सांगलीला वालचंद कॉलेजात माझ्या वर्गात असलेल्या एका मित्राचा फोन आला. "शनिवारी पोमोनाला ये. कानात घालायला बोळे आण. आणि पांढरे कपडे घालू नकोस, परत पांढरे होणार नाहीत."

हा मित्र पक्का कोल्हापूरचा. वडिलांचं शिरोली एमआयडीसीत लेथ मशिनचं वर्कशॉप, त्यामुळे पोरगा ऑइलच्या वासातच वाढलेला. सोमवार ते शुक्रवार तो एका कंपनीत कॉम्प्युटरवर पार्ट डिझाइन करतो. वीकएण्डला एका ड्रॅग रेसिंग टीममध्ये फुकट राबतो. पगार शून्य. मिळतं काय, तर जेवण, टीमचा टी-शर्ट आणि नखांत कायमचं काळं!

पार्किंगमधली पंढरी

पोमोना म्हणजे लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटर. इथे फेअरप्लेक्स नावाचं भलंमोठं जत्रेचं मैदान आहे. लॉस एंजेलिस काउंटीची जत्रा इथेच भरते. याच मैदानाच्या पार्किंगला लागून डांबर-काँक्रीटची एक सरळसोट पट्टी आहे. उत्तरेला सॅन गॅब्रिएलचे डोंगर, शेजारी छोट्या विमानांचा ब्रॅकेट फील्ड विमानतळ. बाहेरून बघाल तर म्हणाल, यात काय बघायचंय? पण ड्रॅग रेसिंगवाल्यांची ही पंढरी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या गाड्यांत दणकट इंजिनं बसवायची आणि सिग्नलवरून भर रस्त्यात शर्यती लावायची. अपघात व्हायचे, पोलीस मागे लागायचे. या पोरांना सुरक्षित जागा आणि नियम द्यावेत म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए काढली. तिची पहिली अधिकृत रेस १९५३ साली इथे पोमोनातच झाली. १९६१पासून विंटरनॅशनल्स ही मानाची स्पर्धा इथे आली. २०२३पासून या पट्टीला एका बर्गर चेनचं नाव आहे, इन-एन-आउट बर्गर पोमोना ड्रॅगस्ट्रिप. वानखेडेला वडापावच्या गाडीचं नाव दिलं तर कसं वाटेल, तसंच मला आधी वाटलं. पण तो बर्गर खाल्ल्यावर राग गेला.

ड्रॅग रेस समजायला अगदी सोपी. दोन गाड्या, दोन लेन, सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, लॅप नाही. जो आधी पोचला तो पुढच्या फेरीत, दुसरा घरी. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा रेस झालेल्या आहेत. फरक एवढाच, की इथल्या मोठ्या गाड्या पेट्रोलवर चालतच नाहीत.

सगळ्यात वर टॉप फ्युएलवाले, नायट्रोमिथेनवर पळणारे. २००८ साली स्कॉट कलिटा या ड्रायव्हरचा न्यू जर्सीत अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर या नायट्रोवाल्यांचं अंतर १००० फुटांवर आणलं गेलं. त्यांच्या खालोखाल येतो टॉप अल्कोहोल हा क्लास. त्यातल्या फनी कारमध्ये इंधन शुद्ध मिथेनॉल, वरून ब्लोअर बसवलेलं व्ही-८ इंजिन आणि पूर्ण पाव मैल! न्यू जर्सीचे फ्रँक मान्झो या क्लासमध्ये तब्बल १७ वेळा राष्ट्रीय चॅम्पियन झाले. अॅशली फोर्सही आधी अल्कोहोल ड्रॅगस्टर चालवत होती, मग नायट्रोकडे गेली. इथे बड्या कंपन्यांचा पैसा कमी आणि घरची माणसं जास्त. मित्राच्या टीमची मालकीण दातांच्या डॉक्टरकडे नोकरी करते, गाडी तिची मुलगी चालवते, आणि इंजिन बघतात मुलीचे सत्तरीतले आजोबा.

हे पिण्याचं नव्हे!

एनएचआरएची एक गोष्ट मला जाम आवडली. कुठलंही तिकीट घ्या, पिटमध्ये प्रवेश मिळतोच. मध्ये दोरी असते, पण तुम्ही इंजिनापासून चार-पाच फुटांवर उभे. फॉर्म्युला वनमध्ये यासाठी किडनी विकावी लागेल!

पिटमध्ये गेल्या गेल्या मित्राने मला एका पांढऱ्या पिंपापासून लांब उभं केलं. "अगं, हे लै वाईट असतंय. हात लावायचा नाही."

पिंपात मिथेनॉल होतं. दिसायला पाण्यासारखं, पाण्याहून हलकं, लिटरला साधारण ७९० ग्रॅम. आपण मराठी माणसांनी हे नाव पेपरात वाचलंय, फक्त रेसच्या पानावर नाही. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. ते पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक अॅसिड करतं. आधी डोळे जातात, मग जीव. श्वासातून आणि कातडीतूनही ते आत जाऊ शकतं. म्हणून इथे इंधन भरणारा माणूस लांब ग्लोव्हज आणि चष्मा घालूनच पिंपाजवळ जातो. "आजोबांचा नियम आहे," मित्र म्हणाला. "पिटमध्ये बिअरचा कॅनसुद्धा उघडायचा नाही. पिणार फक्त गाडी!"

दुसरी भीती आगीची. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसतच नाही. १९८१च्या इंडियानापोलिस ५००मध्ये रिक मिअर्स या ड्रायव्हरच्या पिटमध्ये इंधन सांडून आग लागली. माणसं अंग झटकत पळत होती, आणि बघणाऱ्यांना कळेना की झालंय काय. एकच बरं आहे, मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे ही आग पाण्याने विझवता येते. टीमचा एक माणूस इंजिन चालू होताना पाण्याची बादली घेऊन नुसता उभा असतो. त्याचं तेवढंच काम.

मग एवढं वाईट आहे तर वापरायचं कशाला? मित्राने बर्गरच्या कागदावर मला हिशोब मांडून दाखवला. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो मिथेनॉलला फक्त ६.४ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतता येतं. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता शोषून घेतं. ब्लोअर हवा दाबून तापवतो आणि मिथेनॉल ती गार करतं. म्हणून या गाडीला रेडिएटरच नाही! इंधन हाच तिचा कूलर. इंजिन सुरू असताना हवा आत जाते त्या बाजूला चक्क दव जमतं, आणि दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टमधून आग निघत असते.

सहाव्या सिलिंडरची फुसफुस

आम्ही पोचलो तेव्हा गाडी क्वालिफाइंगची शेवटची धाव मारून नुकतीच आली होती. पहिल्या फेरीला दोन तास होते. फनी कारची बॉडी एकसंध असते. ती पुढून झाकणासारखी उचलली, की आत नुसता पाइपांचा सांगाडा आणि त्यात ते इंजिन. आठ लिटरच्या घरातलं, अॅल्युमिनियमचं, आणि साडेतीन-चार हजार हॉर्सपॉवरचं समजलं जाणारं. तुमची-आमची हॅचबॅक ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवरची असते, हे लक्षात घ्या.

मला वाटलं होतं, गाडी आली, आता पोरं थोडा वेळ टेकतील. कसलं काय! गाडी स्टँडवर चढली आणि सहा माणसं न बोलता कामाला लागली. एकाने क्लच उतरवला. त्याच्या चकत्या प्रत्येक धावेनंतर मोजतात, घासून पुन्हा सपाट करतात. दुसरा पॅराशूट घडी करायला बसला. तिसऱ्याने खालून ऑइल सोडलं. ते बघून मी उडालेच. काळं नाही, दुधाळ! मिथेनॉल पिस्टनच्या कडेने खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही, म्हणून ते बदलायलाच हवं. आपण सर्व्हिसिंगला दहा हजार किलोमीटर थांबतो. इथे ४०० मीटरला ऑइल बदलतात.

आजोबा प्लग वाचत होते. हो, वाचत होते! भिंगातून. मिथेनॉल जळल्यावर काजळी धरतच नाही, त्यामुळे नवख्याला सगळे प्लग सारखेच दिसतात. आजोबा प्लगच्या टोकाची वाकडी पट्टी बघतात. उष्णतेने ती कुठपर्यंत निळसर झालीये, त्यावरून त्या सिलिंडरला इंधन पुरलं की नाही ते कळतं. सात प्लग त्यांनी ओळीत ठेवले. सहाव्या सिलिंडरचा वेगळा ठेवला.

मग व्हॉल्व्हची गॅप तपासली. सहाव्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची गॅप कमी झाली होती. लगेच त्या सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडली. याला लीक-डाउन म्हणतात. हवा कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. इन्टेकमधून आवाज आला तर इन्टेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या बाजूने आला तर पिस्टन रिंगा, एक्झॉस्टच्या पाइपातून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मित्राने मला पाइपाजवळ बोलावलं. फुसफुस अगदी स्पष्ट येत होती. प्रेशर कुकरची शिटी व्हायच्या आधी येते ना, तशी.

व्हॉल्व्ह जळत होता. असाच पळवला तर तो तुटून पिस्टनवर पडणार. मग पिस्टन, हेड, ब्लॉक, कदाचित ब्लोअरही. ब्लोअरला जाड पट्ट्यांनी बांधून ठेवतात ते उगाच नाही. आतल्या आत भडका उडाला तर तो वर उसळू नये म्हणून. या टीमकडे दुसरं इंजिन नव्हतं. एक जादा हेड होतं.

पिटमध्ये शांतता पसरली. मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. आजोबांनी मुलीकडे, म्हणजे ड्रायव्हर नातीकडे बघितलं. गाडीत बसणार ती! ती म्हणाली, "हेड बदलूया. नाही झालं वेळेत तर नाही झालं."

एक पांढरा कण

पुढचा सव्वा तास मी आयुष्यात विसरणार नाही. पट्टा निघाला, ब्लोअर उतरला, एक्झॉस्टचे पाइप, रॉकर, पुशरॉड, आणि मग हेड. प्रत्येक पार्ट टेबलावर आपल्या जागी, फडक्यावर. कुणी ओरडत नव्हतं. आमच्या प्रॉडक्शन सपोर्टच्या कॉलवर याच्या निम्म्या टेन्शनला चौपट आवाज असतो!

पण आजोबा हेडकडे फिरकले नाहीत. ते वेगळंच शोधत होते. व्हॉल्व्ह जळला, पण जळला का? एकट्या सहाव्यालाच इंधन कमी का पडलं? प्रत्येक सिलिंडरला इंधन फवारणारं स्वतःचं नॉझल असतं. त्यांनी सहाव्याचं नॉझल काढलं, उजेडाकडे धरलं आणि मित्राच्या हातात दिलं. भोकात एक पांढरा कण अडकला होता. मिठाच्या खड्याएवढाही नसेल.

मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ते अॅल्युमिनियमच्या पाइपात, पंपात तसंच राहिलं तर धातूला खातं आणि पांढरी पूड तयार होते. म्हणून रेस संपली की टाकी रिकामी करायची, पंप आणि सगळ्या लाइन धुऊन काढायच्या, वंगणाचा हात फिरवायचा, पिंपाचं झाकण घट्ट लावायचं. हे सगळं त्याच रात्री. आधीच्या रेसहून ट्रक घरी आला होता रात्री दोनला. टाकी रिकामी केली आणि लाइन सकाळी धुऊ म्हणाले. "ती सकाळ चार दिवसांनी उगवली," मित्र म्हणाला. नॉझल हातात धरून तो बराच वेळ उभा होता. लाइन धुवायचं काम त्याच्याकडे असतं.

आजोबा त्याला रागावले नाहीत. त्यांनी सगळी आठ नॉझल्स काढून त्याच्यासमोर ठेवली आणि एक बारीक ब्रश दिला. बस.

ड्रॅग रेसिंग म्हणजे धूर, आवाज आणि माज, असं मला वाटायचं. त्या टेबलाशी उभी राहून बघताना कळलं, की हे इंजिन पट्टीवर बिघडतच नाही. ते बिघडतं घरी, गॅरेजमध्ये, मध्यरात्री, कुणीच बघत नसताना. पट्टीवर फक्त त्याचा निकाल लागतो.

हेड बसलं. तांब्याचं नवं गॅस्केट, ठरलेल्या क्रमाने आवळलेले नट. आता शेवटचा निर्णय होता 'पिल'चा. पिल म्हणजे गोळीएवढी छोटी जेट, मध्ये भोक. पंपाने दिलेलं जादा इंधन तिच्यातून टाकीत परत जातं. भोक लहान, तर परत कमी जाणार आणि इंजिनाला जास्त मिळणार. इंजिन जपलं जातं, पण गाडी किंचित मंदावते. आजोबांनी हवामानाच्या यंत्रावर तापमान, दाब, आर्द्रता बघितली. ऊन उतरत होतं. गार हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणजे इंधनही जास्त हवं. त्यांनी एक पिल उचलली, ठेवली, आणि तिच्याहून लहान भोकाची बसवली. काही शतांश सेकंद त्यांनी तिथेच सोडून दिले होते.

साडेपाच सेकंद

गार मिथेनॉल सहजासहजी पेटत नाही. त्यामुळे आधी एका पिचकारीसारख्या बाटलीतून इंजिनाला पेट्रोल पाजतात. बाहेरून स्टार्टर लावला, इंजिन खोकललं, आणि मग जो आवाज झाला तो कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकला. डोळे चुरचुरले. बादलीवाला एकटक एक्झॉस्टकडे बघत होता. अर्ध्या-एक मिनिटाने इंजिन बंद केलं, व्हॉल्व्हची गॅप पुन्हा तपासली. सहावा शांत!

स्टार्टिंग लाइनवर आधी बर्नआउट. मागची चाकं जागेवर फिरवून टायर तापवायचे आणि पट्टीवर रबर पसरायचं. मग गाडी मागे घेऊन हळूहळू लाइनवर. समोर दिव्यांचा खांब, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. १९६३पासून तो आहे. पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. त्या ०.४ सेकंदात मी साधी पापणीही लवली नाही. नातीची गाडी तेव्हा निघालीसुद्धा होती. बटणाने दोन गिअर, दूरवर दोन पॅराशूट उघडलेली, आणि पाटीवर आकडा. साडेपाचच्या जरा आत, वेग ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास.

शेजारची गाडी तिच्या पुढे होती. म्हणजे आपण हरलो!

मी हळहळत पिटमध्ये आले, तर मालकीणबाई हसतायत. गाडी ओढून आणली, स्टँडवर चढवली, आणि पहिल्यांदा सहाव्याला हवा लावली. सगळ्यांनी कान दिला. फुसफुस नाही. इंजिन अख्खं होतं, म्हणजे पुढचा सीझन होता. नातीने हेल्मेट काढून आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

सामान भरता भरता अंधार झाला. मला भूक लागली होती, बाहेर बर्गरची लाइन वाढत होती. मित्राला म्हटलं, "चल ना, उद्या सकाळी कर ते."

"उद्या नाही, बाई," तो म्हणाला. ग्लोव्हज चढवले आणि इंधनाची लाइन सोडायला घेतली.

*

जाणार असाल तर...

कधी : पोमोनात एनएचआरएच्या मोठ्या स्पर्धा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत (विंटरनॅशनल्स) आणि नोव्हेंबरमध्ये (फायनल्स) झालेल्या आहेत. विंटरनॅशनल्स पूर्वी फेब्रुवारीत असायची, अलीकडे ती पुढे सरकली आहे. तारखा बघूनच तिकीट काढा.

कसं : गाडी नसेल तरी चिंता नको. सप्टेंबर २०२५मध्ये लॉस एंजेलिस मेट्रोची ए लाइन पोमोनापर्यंत आली. ला व्हर्न/फेअरप्लेक्स स्टेशनवर उतरा.

काय बघाल : आधी पिट, मग स्टँड. टीमच्या माणसांशी गप्पा मारा, फक्त कामाच्या घाईत नको. फेअरप्लेक्समध्येच वॉली पार्क्स यांच्या नावाचं मोटरस्पोर्ट्स म्युझियम आहे, तेही सोडू नका.

काय न्याल : कानात बोळे हवेतच, नायट्रोच्या गाड्या तर अल्कोहोलवाल्यांपेक्षाही जोरात ओरडतात. टोपी, सनस्क्रीन, संध्याकाळसाठी जॅकेट. आणि हो, पांढरे कपडे घालू नका!